परसातल्या तळ्यात मासे किती सोडायचे? मासे मोजण्याआधी खाद्य तोला

प्रश्न थोडक्यात असा आहे: घरामागे ३ मीटर लांब आणि २ मीटर रुंद तळं खणलं, आत प्लास्टिकचं अस्तर टाकलं, ७० सेंटीमीटरपर्यंत पाणी भरलं. शेजारी खडीचे तीन वाफे, प्रत्येकी एक चौरस मीटरचे; तळ्याचं पाणी पंपाने त्यांतून फिरून परत येतं आणि त्याच पाण्यावर झाडं वाढवायची. नळाचं पाणी भरून तिसऱ्या दिवशी कार्पची १५० बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) सोडली. दिवसातून तीनदा एकेक मूठ खाद्य. बारा दिवसांत साठ मेली. बहुतेक सकाळी काठाशी तरंगताना सापडतात. पाणी हिरवंगार झालंय. दुपारी तपासलं तर पीएच ८.६ आणि अमोनिया लिटरला २ मिलिग्रॅम. मासे जास्त झाले का? आणि नेमके किती ठेवायचे?

मासे जास्त झालेत, हे खरं. पण मेले ते त्यामुळे नाही.

हिशेब करू. बोटुकलं साधारण ५ ग्रॅमचं धरलं तर दीडशे मिळून पाऊण किलो. तुमच्या तळ्यात उतार वजा करून साडेतीन हजार लिटर पाणी असेल. एवढ्या पाण्यात पाऊण किलो मासा म्हणजे दर्या में खसखस. आता तुमची ती एक मूठ स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवून बघा. बारीक दाण्याचं खाद्य असेल तर ४० ग्रॅमच्या आसपास भरेल. तीन मुठी म्हणजे १२० ग्रॅम. एवढ्या लहान माशांना दिवसाला अंगच्या वजनाच्या ५ टक्के, म्हणजे ३५ ते ४० ग्रॅम पुष्कळ होतं. उरलेलं ८० ग्रॅम तळाशी जाऊन कुजतंय आणि कुजताना अमोनियाच सोडतंय. मारलं ते मुठीने.

दुसरी चूक पाणी भरल्यावर तिसऱ्याच दिवशी मासे सोडण्याची. मासा अमोनिया टाकतो तो मुख्यतः कल्ल्यांतून. खडीवर वाढणारे जिवाणू त्या अमोनियाचं आधी नायट्राइट करतात, मग दुसऱ्या जातीचे जिवाणू नायट्राइटचं नायट्रेट करतात, आणि झाडांना आवडतं ते हे नायट्रेट. ही जिवाणूंची वस्ती बसायला कोमट पाण्यात, म्हणजे २५ अंशांच्या वर, चार ते सहा आठवडे लागतात. थंड पाण्यात त्याहून जास्त. तुमचे वाफे आज नुसती धुतलेली खडी आहेत. पाणी त्यातून फिरतंय, पण काम कोणीच करत नाहीये.

आता त्या २ मिलिग्रॅमकडे या. किटमध्ये दिसतो तो एकूण अमोनिया. त्यातला सगळाच विषारी नसतो. किती विषारी हे सामू म्हणजे पीएच ठरवतो. पाणी २८ अंश आणि सामू ७ असेल तर त्यातला विषारी भाग एक टक्कासुद्धा नसतो. सामू ८.६ झाला की तोच भाग पाचव्या हिश्श्याच्या वर जातो. म्हणजे तुमच्याकडे लिटरला ०.४ मिलिग्रॅमहून जास्त विषारी अमोनिया आहे, आणि ०.०५ च्या पुढे कल्ल्यांना इजा व्हायला लागते. किटवरचा तोच आकडा सामू ७ च्या पाण्यात फार तर काळजीचा ठरला असता.

सामू एवढा चढला कशाने? त्या हिरव्या रंगाने. पाण्यात तरंगणारं शेवाळ दिवसभर उन्हात कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं आणि दुपारी सामू वर जातो. रात्री उलटा प्रकार. तेच शेवाळ माशांबरोबर ऑक्सिजन ओढतं आणि पहाटे, उजाडायच्या जरा आधी, पाण्यातला ऑक्सिजन सगळ्यात कमी होतो. मुळात ३० अंशांच्या पाण्यात लिटरला साडेसात मिलिग्रॅमच ऑक्सिजन मावतो; माशांना ५ च्या वर हवा. दुपारी अमोनियाने कल्ले भाजायचे आणि पहाटे त्याच भाजलेल्या कल्ल्यांनी हवा शोधायची. म्हणून सकाळी काठाशी मेलेले सापडतात. उघड्यावरचं तळं आणि छपराखालची टाकी यांत खरा फरक हा: टाकीत दिवसरात्र पाणी साधारण एकच असतं, तळ्यात दुपारचं पाणी वेगळं आणि पहाटेचं वेगळं.

एकदा पहाटे साडेचारला बॅटरी घेऊन जाऊन बघा. मासे पाण्याच्या अगदी वरच्या थरात तोंड वर करून ओठ हलवत असतील आणि उजेड पडल्यावरही खाली पळत नसतील, तर ऑक्सिजन कमी आहे. भरपूर हवा चालू असताना भर दिवसाही तसंच करत असतील, तर संशय नायट्राइटचा. त्यात रक्त तपकिरी पडतं आणि ऑक्सिजन वाहून नेऊ शकत नाही. पाण्यात हवा असून मासा गुदमरतो. कल्ल्याचं झाकण उचलून पाहिलं तर आत लालऐवजी चॉकलेटी रंग दिसतो.

आज काय करायचं ते सांगतो. तीन दिवस खाद्य पूर्ण बंद. जीव तुटतो, पण कार्प तीन दिवसांत उपाशी मरत नाही. रोज एक तृतीयांश पाणी बदला. नळाचं पाणी थेट सोडू नका; क्लोरीन असेल तर ड्रममध्ये एअर पंप लावून एक-दोन दिवस ठेवलं की उडून जातं. पाणीपुरवठ्यात क्लोरामाइन (क्लोरीन आणि अमोनियाचं संयुग) वापरत असतील तर ते असं उडत नाही, त्याला सोडियम थायोसल्फेट किंवा व्हिटॅमिन सी टाकावं लागतं. थायोसल्फेटने क्लोरामाइन फुटतं, पण त्यातला अमोनिया मागे उरतो, हे लक्षात ठेवा. एअर पंप चोवीस तास, निदान रात्रभर तरी. अर्ध्याहून अधिक तळ्यावर आजच सावलीची जाळी टाका. आणि अर्धा किलो साधं मीठ विरघळवून तळ्यात सोडा. मीठ अमोनियावर काही करत नाही. ते पुढच्या आठवड्यात चढणाऱ्या नायट्राइटसाठी आहे. मिठातलं क्लोराइड कल्ल्यातून नायट्राइटला आत शिरू देत नाही. नायट्राइटच्या किमान दहापट क्लोराइड लागतं. तुमच्या पाण्यात अर्ध्या किलोने लिटरला ८५ मिलिग्रॅमच्या आसपास होईल, तेवढं पुरे. पाणी बदलाल तेवढ्या प्रमाणात मीठही पुन्हा घाला. किलोकिलोने ओतायचा सल्ला पुष्कळ जण देतात. स्ट्रॉबेरी किंवा घेवडा लावला असेल तर त्याने आधी झाडं जातील.

शेवाळ मारायला मोरचूद टाकायचं मनात असेल तर टाकू नका. तांबं माशांना घातक आहे, विशेषतः मऊ पाण्यात, आणि ज्या जिवाणूंची आपण वाट बघतोय त्यांनाही. शिवाय सगळं शेवाळ एकदम मेलं की कुजताना उरलासुरला ऑक्सिजन खातं. सावलीने ते हळूहळू कमी होतं. दोन-तीन आठवडे लागतात.

आता तुमचा मूळ प्रश्न. किती मासे?

लोक तळ्याच्या लिटरवरून मोजतात. हजार लिटरला १० ते २० किलो मासे असा छोट्या व्यवस्थेचा ठोकताळा आहे आणि त्या हिशेबाने तुमच्या तळ्यात ३५ किलोच्या वर बसतील. बसतील, पण त्यांची घाण कोण खाणार? ती तळं खात नाही, वाफे खातात. म्हणून मी उलट्या बाजूने मोजतो. पालेभाजी असेल तर दर चौरस मीटर वाफ्यामागे दिवसाला ४० ते ५० ग्रॅम खाद्य पचतं. टोमॅटो-मिरचीसारखी फळझाडं असतील तर ५० ते ८०. (व्हर्जिन आयलंड्स विद्यापीठात जेम्स राकोसी यांनी तरंगत्या वाफ्यांसाठी ६० ते १०० ग्रॅमचं प्रमाण बसवलं होतं, पण त्यांच्याकडे घाण वेगळी काढणाऱ्या टाक्या होत्या, परसात त्या आकड्याच्या मागे लागू नका.) तुमचे तीन चौरस मीटर म्हणजे दिवसाला १२० ते १५० ग्रॅम खाद्य. वाफे पिकल्यावर, आज नाही. मोठा मासा दिवसाला वजनाच्या दीड टक्का खातो. म्हणजे ८ ते १० किलो मासा. अर्ध्या किलोचा एक धरला तर सोळा ते वीस मासे.

हो, वीस. दीडशे नाही.

उरलेल्या नव्वदांचं काय? आज ती लहान आहेत, दिवसाला २० ग्रॅम खाद्यावर राहतील. पण वाढत्या वयात मासा अंगाच्या मानाने जास्त खातो; सरासरी ५० ग्रॅमला पोचली की नव्वद मासे साडेचार किलोचे होतील आणि ३ टक्क्यांनी १३५ ग्रॅम मागतील. तिथेच तुमची हद्द संपते. त्या दिवसाच्या आधी निम्म्याहून जास्त कोणाला तरी द्या, किंवा वाफे वाढवा. ओढ्या-नाल्यात सोडून देऊ नका. पाळलेली जात बाहेर सुटली की तिथल्या माशांचं वाटोळं होतं, आणि रोग जातात ते वेगळेच. हे वजन अंदाजाने नको. महिन्यातून एकदा दहा मासे जाळीत धरा, पाण्याची बादली काट्यावर ठेवून शून्य करा, मासे आत सोडा, आकडा बघा, दहाने भागा. पाच मिनिटांचं काम आहे. खाद्याचा डबाही मुठीऐवजी मापाने भरा. मी औषधाच्या बाटलीचं झाकण वापरतो. एकदा तोलून ठेवलं की रोज तोलावं लागत नाही.

जात निवडताना आधी तुमच्या पाण्याचं वर्षभरातलं सगळ्यात कमी आणि सगळ्यात जास्त तापमान बघा. तिलापिया २७ ते ३० अंशांत झपाट्याने वाढतो, खराब पाण्यातही तग धरतो, पण १८ च्या खाली खाणं टाकतो आणि १०-१२ ला मरतो. शिवाय नर-मादी एकत्र असतील तर पिल्लांनी तळं भरून जातं आणि कोणीच मोठं होत नाही. नुसते नर मिळाले तर घ्या. काही भागांत तो पाळायला परवानगी लागते किंवा बंदीच असते, ते आधी विचारा. कार्प आणि त्याचीच सजावटी जात कोई, तसंच गोल्डफिश, थंडी-ऊन दोन्ही काढतात. उघड्या तळ्याला मी नवख्या माणसाला हेच सुचवतो. ट्राउटला १५ अंशांच्या आसपासचं गार, खळाळतं पाणी लागतं. साठलेल्या तळ्यात त्याच्या वाटेला जाऊ नका.

पुढच्या खेपेला मासे आणाल तेव्हा आधी वाफे पिकवा. पाणी फिरतं ठेवा, चिमूटभर खाद्य किंवा थोडा शुद्ध अमोनिया रोज टाका, आणि दर दोन दिवसांनी तपासा. आधी अमोनिया चढतो, मग तो उतरताना नायट्राइट चढतं, मग तेही शून्याला येतं आणि नायट्रेट दिसायला लागतं. ज्या दिवशी टाकलेला अमोनिया चोवीस तासांत दोन्ही आकड्यांतून नाहीसा होतो, त्या दिवशी व्यवस्था तयार. एखाद्याच्या जुन्या चालत्या वाफ्यातली दोन घमेली खडी मिळाली तर हा काळ बराच कमी होतो, फक्त त्याच्याकडचे मासे निरोगी आहेत ना ते पाहून घ्या.

मासे आणल्यावर पिशवी पंधरा-वीस मिनिटं पाण्यावर तरंगत ठेवा, मग तोंड उघडून थोडं थोडं तळ्याचं पाणी आत घाला, आणि शेवटी मासे जाळीने उचलून सोडा. पिशवीतलं पाणी तळ्यात ओतायचं नाही. खरं तर थेट तळ्यात सोडायचेच नाहीत. दोन-तीन आठवडे वेगळ्या टबात ठेवावेत. अंग घासणारे, पर मिटून बसणारे मासे तिथेच कळतात, आणि तिथे लिटरला ३ ग्रॅम मिठाचा उपचार बिनधास्त करता येतो, कारण त्या टबाला झाडं जोडलेली नसतात.

तळ्याच्या बांधणीतल्या दोनच गोष्टींवर बोलतो, कारण माझे सगळ्यात जास्त मासे तिथेच गेले.

पहिली पंपाची. सुरुवातीला मी पंप तळाला ठेवला होता, तिथली घाण ओढली जाईल म्हणून. एका रात्री वाफ्याकडे जाणारा पाइप जोडातून निसटला. पंप बिचारा इमानाने रात्रभर चालला आणि तळ्याचं पाणी बागेत ओतत राहिला. सकाळी तळाच्या चार बोटं चिखलात मासे आडवे. तेव्हापासून पंप विटांवर, अशा उंचीला की तो कोरडा पडला तरी तळ्यात निदान हातभर पाणी उरेल. त्याच कारणाने वाफ्यांत सगळ्यात जास्त किती पाणी साठतं ते मोजा आणि तेवढं तळ्यातून गेलं तरी मासे बुडालेले राहतात ना ते बघा. वीज गेली तर चालेल असा बॅटरीवरचा एअर पंप ठेवा. माशांची दाटी असेल तर पंप बंद पडल्यावर हातात काही तासच असतात. तुमच्या वीस माशांना बराच वेळ मिळेल, कमी मासे ठेवण्याचा हाही एक फायदा.

दुसरी पावसाची. तळं काठोकाठ भरून वाहतं तेव्हा वरचं स्वच्छ, ताजं पाणी निघून जातं आणि तळचं घाण पाणी राहतं. ओव्हरफ्लोचा उभा पाइप असेल तर त्यावर थोडा मोठा पाइप टोपीसारखा घाला. मोठ्या पाइपचं वरचं टोक पाण्याच्या वर, खालचं तळाला टेकलेलं, आणि त्या खालच्या टोकाला खाचा कापलेल्या. आता जादा पाणी बाहेर जायचं तर त्याला तळातूनच चढून जावं लागतं आणि जाताना गाळ घेऊन जातं. खाचा बोटुकलं शिरणार नाही इतक्या बारीक ठेवा. तळ्याचा काठ जमिनीपेक्षा वीतभर उंच घ्या, नाहीतर आजूबाजूच्या जमिनीवरची खतं-औषधं वाहून आत येतात. छपराचं पाणी घेणार असाल तर पत्रा जस्ताचा नाही ना ते पाहा. जस्त माशांना बाधतं, म्हणून जस्ताचा मुलामा असलेले जीआय पाइप आणि फिटिंगही नकोत.

पावसाचं पाणी मऊ असतं, त्यात सामू धरून ठेवणारी क्षारता जवळजवळ नसते. आणि जिवाणू तर रोजच क्षारता खातात: १०० ग्रॅम खाद्यामागे साधारण ३ ग्रॅम अमोनिया-नायट्रोजन तयार होतं आणि ते पचवताना २० ग्रॅम चुनखडीएवढी क्षारता संपते. झाडं थोडी परत देतात, सगळी नाही. म्हणून तुमचा आजचा चढलेला सामू बघून तो खाली आणायला आम्ल ओतू नका. शेवाळ हटलं की काही महिन्यांत तोच सामू घसरायला लागेल आणि ६ च्या खाली गेला की जिवाणू काम सोडतात. तेव्हासाठी शिंपल्यांचा किंवा चुनखडीचा चुरा कापडी पिशवीत भरून वाफ्याच्या पाण्याच्या वाटेत ठेवा. पाणी आम्लाकडे झुकलं की तो आपोआप विरघळतो, नाहीतर नुसता पडून राहतो. सामू ६.८ ते ७.२ मध्ये रेंगाळला की मासे, झाडं, जिवाणू तिघांचंही भागतं.

रोजच्या देखभालीत फार काही नाही. खाद्य टाकल्यावर पाच मिनिटांनी जे उरेल ते जाळीने काढा आणि उद्या तेवढं कमी टाका. तोच वेळ मासे बघायचा; खायला न आलेला मासा ही कुठल्याही किटच्या आधी मिळणारी खबर असते. सध्या अमोनिया-नायट्राइट दर दोन दिवसांनी, घडी बसल्यावर आठवड्याला एकदा. तळाचा गाळ आठवड्याला सायफनने ओढून झाडांच्या आळ्यात घाला. सडक्या अंड्यांचा वास आला तर कुठेतरी गाळ हवेवाचून कुजतोय. तो ढवळू नका, हळूच ओढून काढा. पाणी १० अंशांखाली गेलं तर कार्पचं खाद्य बंद.

वाफ्यातलं पाणी खडीच्या पृष्ठभागापासून तीन-चार सेंटीमीटर खालीच थांबवा, म्हणजे वर शेवाळही धरत नाही आणि डासही अंडी घालत नाहीत. झाडांच्या कोवळ्या पानांची शिर हिरवी आणि मधला भाग पिवळा पडला तर लोह कमी आहे, ते माशांच्या खाद्यातून पुरेसं येत नाही. चिलेटेड लोह (झाडांना शोषता येईल अशा रूपातलं) लिटरला २ मिलिग्रॅम, तीन-चार आठवड्यांतून एकदा. मावा-तुडतुड्यांवर मात्र कुठलंही कीटकनाशक फवारायचं नाही. ‘वनस्पतीजन्य’ लिहिलेलंही नाही: शेवंतीच्या कुळातल्या फुलांपासून निघणारं पायरेथ्रम माशांना कमालीचं विषारी आहे.

बगळा अजून आला नसेल तर येईल. त्याला उतरता काठ आवडतो, चालत पाण्यात शिरता येतं. काठ उभा असेल आणि पाणी खोल असेल तर त्याची पंचाईत होते. खंड्याला मात्र जाळीच लागते, तीही ताणून बसवलेली. सैल जाळीत पक्षी अडकून मरतात. आज टाकणार आहात ती सावलीची जाळी चौकटीवर ताणली तर दोन्ही कामं होतील.

तीन दिवसांनी खाद्य सुरू कराल तेव्हा दिवसाला १० ग्रॅम, दोन वेळांत. नायट्राइट शून्याला येईपर्यंत २० च्या वर जाऊ नका. आणि सामूचे दोन आकडे आत्ताही लिहून ठेवा आणि पुन्हा विचाराल तेव्हाचेही सांगा, एक दुपारी तीनचा, एक पहाटेचा. दुपार-पहाटेतला फरक आत्ताच्या निम्म्यावर आला असेल तर सावली पुरेशी झाली. नसेल तर जाळी आणखी पुढे ओढा.